ई२० वर टर्बो गाडीचं इग्निशन टायमिंग किती पुढं घ्यावं?

पोलो_होटगीरोड
नमस्कार मंडळी. गाडी पोलो १.० टीएसआय, २०२१ ची, मॅन्युअल. स्टेज वन मॅप (ताकद वाढवणारी सॉफ्टवेअर फाइल) टाकलाय, बाकी टर्बो, पंप, इंजेक्टर सगळं कंपनीचंच. मॅप टाकला तेव्हा पंपावर ई१० (१० टक्के इथॅनॉल) मिळायचं, आता जिकडं जावं तिकडं ई२०. कामासाठी सोलापूर-पुणे सारखं चालू असतं.

ई२० चं ऑक्टेन (आपोआप न पेटता दाब सोसण्याचा आकडा) ९५, आधी साध्या पेट्रोलचं ९१ होतं. मग टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, ३-४ अंश पुढं (लवकर) घ्यायला काय हरकत? मॅप करणाऱ्याला फोन केला तर तो म्हणतो, "सगळीकडं सरसकट ४ अंश वाढवून फाइल मेल करतो, तुम्हीच टाका." ते काही मनाला पटेना, म्हणून इथं विचारतोय.

परवा भर दुपारी मोहोळच्या अलीकडं लॉग (इंजिनच्या संगणकातल्या नोंदी) घेतला. चौथा गिअर, २५०० आरपीएम, पूर्ण थ्रॉटल. दोन नंबरच्या सिलिंडरला उणे ३.७५ अंश रिटार्ड (संगणकानं टायमिंग मागं घेतलेलं), एक आणि तीनला उणे १.५ ते २.२५. इनटेकची हवा ६० अंशाच्या वर.

अजून एक. एक मित्र साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत आहे. तो म्हणतो कॅनभर इथॅनॉल आणून देतो, टाकीत मिसळ. मिसळू का?

बूस्ट_भाऊ
ई२० म्हणजे स्वस्तातलं रेस फ्युएल. ४ काय, ६ द्या की. नॉक (मिश्रण आपोआप पेटून बसणारा दणका) आलं तर ईसीयू (इंजिनचा संगणक) स्वतःच मागं घेतंय. भ्यायचं काय बे त्यात.

जुना_डेल्को
बूस्ट_भाऊंचं वाक्य आधी बाजूला करू, कारण तेच बहुतेकांच्या डोक्यात बसलंय. ईसीयू टायमिंग मागं घेतो तो नॉक ऐकू आल्यावर, म्हणजे दणका पिस्टनला बसून झाल्यावर. चोरी झाली की कुलूप लावणारा राखणदार आहे तो. अधूनमधून एखादी चोरी परवडते, पण रोज त्याच्याच भरवशावर दार उघडं टाकून झोपायचं नसतं.

पोलो_होटगीरोड, तुमचा लॉग वाचला. त्यातच तुमचं उत्तर आहे. गाडी आहे त्या टायमिंगवरून मागं येतेय आणि तुम्ही पुढं न्यायचं विचारताय.

थोडं मुळातून सांगतो. अक्कलकोट रोडवर माझं गॅरेज आहे. डेल्को (जुन्या गाड्यांचा ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर) हातानं फिरवून आणि टायमिंग लाइट मारून गाड्या लावण्यात उमेदीची वर्षं गेली, आता लॅपटॉपवर तेच काम करतो. काम बदललेलं नाही. ठिणगी पडल्यावर आग सिलिंडरभर पसरायला वेळ लागतो. ३००० आरपीएमला क्रँक एक अंश फिरायला साधारण ५६ मायक्रोसेकंद लागतात, ६००० ला त्याच्या निम्मे. म्हणून ठिणगी पिस्टन वर पोचायच्या आधी टाकायची. कशासाठी? तर निम्मा चार्ज (हवा-इंधनाचं मिश्रण) जळून होईल तेव्हा पिस्टन टीडीसी (त्याची सगळ्यात वरची जागा) ओलांडून ८ अंशाच्या आसपास असावा आणि दाब १५ अंशाच्या जवळपास शिखराला जावा. हे जिथं जमतं तिथं सगळ्यात जास्त टॉर्क. एवढा टॉर्क देणारा जो कमीत कमी अ‍ॅडव्हान्स (ठिणगी पुढं घेणं), त्याला एमबीटी म्हणतात. त्याच्या पुढं एक अंश जरी दिला तरी ताकद वाढत नाही, फक्त कनेक्टिंग रॉड आणि बेअरिंगवर ओझं वाढतं. इंधन कुठलंही असो.

आता टर्बो गाडीत काय होतं बघा. आरामात ८० नं जाताना, हलक्या पायावर, गाडी आधीच एमबीटीवर किंवा त्याच्या अगदी जवळ असते. तिथं इथॅनॉलनं काही मिळत नाही. उलट इथॅनॉलची ज्वाला थोडी जलद पसरते, त्यामुळं तिथं एखादा अंश कमीच लागतो. बूस्ट (टर्बोनं दाबलेल्या हवेचा दाब) चढल्यावर मात्र एमबीटीला पोचायच्या आधीच नॉक आडवा येतो. म्हणून मॅपमध्ये बूस्टच्या भागातलं टायमिंग मुद्दाम मागं धरलेलं असतं. इथॅनॉल जागा करून देतं ती फक्त या भागात. म्हणून सरसकट ४ अंश वाढवलेली फाइल टाकू नका. त्यात नको तिथं वाढवलेलं असतं, आणि हवं तिथं किती हवं ते कुणी मोजलेलं नसतं.

आता ऑक्टेन. ९१ चं पेट्रोल घेऊन त्यात इथॅनॉल ओतलं असं तुम्ही धरताय. तसं नसतं. इथॅनॉलचा रॉन (ऑक्टेन मोजायचा एक आकडा) १०८ च्या आसपास, त्यामुळं रिफायनरी खालचं पेट्रोल कमी ऑक्टेनचं ठेवूनसुद्धा ९५ गाठू शकते. ९५ म्हणजे सगळं मिळून ९५, इथॅनॉलचा वेगळा बोनस नाही. दुसरं, तुमचा स्टेज वन मॅप कुठल्या पेट्रोलवर बांधला ते विचारा. या फाइली बऱ्याचदा बाहेर ९५ किंवा त्याहून वरच्या पेट्रोलवर तयार होतात आणि इथं तशाच टाकल्या जातात. तसं असेल तर ई१० च्या काळात तुमची गाडी मॅपच्या मागंच पळत होती, आणि ई२० आल्यावर आत्ता कुठं मॅपच्या बरोबरीला आली. वाढवायला शिल्लक काय राहिलं?

तिसरी गोष्ट सहसा कुणी सांगत नाही आणि सोलापूरला तीच सगळ्यात महत्त्वाची. पेट्रोलपंपावर लिहितात तो रॉन. दुसरा एक आकडा असतो, मॉन. रॉनच्या चाचणीत इंजिन ६०० आरपीएमवर आणि आत जाणारी हवा ५२ अंशाच्या आसपास. मॉनच्या चाचणीत ९०० आरपीएम आणि आत जाणारं मिश्रण १४९ अंश. इथॅनॉलचा रॉन १०८ असला तरी मॉन ९० च्या आसपासच. दोन्हींत एवढी मोठी तफावत म्हणजे हे इंधन थंड हवेत भारी आणि हवा तापली की त्याचा जोर उतरतो. मे महिन्यात आपल्याकडं बाहेर ४२-४३, इनटेक ६० च्या वर. पुण्यात पावसाळ्यात डायनोवर (गाडी जागेवर पळवून ताकद मोजायचं यंत्र) मिळालेले २ अंश मोहोळच्या दुपारी मिळतीलच असं नाही. टायमिंग उन्हाळ्याचं लावायचं. गारठ्यात फायदा आपोआप होतो, कारण ईसीयू इनटेक तापमानावरून दुरुस्ती करतोच.

इथॅनॉलचा थंडावा खरा आहे, पण प्रमाणात बघा. एक किलो इथॅनॉलचं बाष्प व्हायला पेट्रोलच्या जवळजवळ अडीच पट उष्णता लागते. शिवाय तेवढ्याच हवेला ते जास्त लागतं, पेट्रोलला १४.७ पट हवा तर इथॅनॉलला ९ पट. दोन्ही धरून शुद्ध इथॅनॉलचा थंडावा चौपट भरतो. ई२० वर हाच हिशेब दीडपटीच्या आत राहतो. तुमचं इंजिन थेट सिलिंडरात फवारणारं आहे, म्हणून तो थंडावा बरोबर जागेवर मिळतो हे चांगलं. पण परदेशातले व्हिडिओ ई८५ चे असतात. त्यातले ६-८ अंश ई२० ला लावू नका.

आता आधी काय करायचं ते. दोन नंबरला एकट्यालाच जास्त रिटार्ड दिसतोय, तर दोन नंबरचा प्लग आणि कॉइल तीनला टाका आणि पुन्हा लॉग घ्या. रिटार्ड तीनवर गेला तर प्लग-कॉइल बघा. दोनवरच राहिला तर इंजेक्टर, कार्बन, नाहीतर खोटा आवाज. खोटा आवाज म्हणजे सैल हीट शील्ड, खिळखिळं माउंटिंग. नॉक सेन्सर ऐकतो तो पिझोचा (कंपनाची वीज करणारा) तुकडा. तुमचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ७४.५ एमएम, म्हणून नॉकचा मुख्य सूर ७ ते ८ किलोहर्ट्झमध्ये येतो आणि ईसीयू तेवढाच पट्टा ऐकतो. त्या पट्ट्यात दुसरं काही खडखडलं तर तेही नॉक म्हणून मोजलं जातं. सेन्सरचा बोल्ट २० न्यूटन मीटरला आवळायचा, टॉर्क रेंच लावून. अंदाजानं पान्हा मारला की सेन्सर एकतर बहिरा होतो नाहीतर भित्रा. माझ्याकडं येणाऱ्या गाड्यांत हा बोल्ट बरोबर आवळलेला क्वचितच सापडतो.

या गाडीला इंटरकूलर (टर्बोची तापलेली हवा गार करणारा) इनटेक मॅनिफोल्डमध्येच बसवलेला आहे, पाण्यानं थंड होणारा, आणि त्याचं पाण्याचं सर्किट वेगळं आहे. त्यात हवा अडकली किंवा छोटा इलेक्ट्रिक पंप मरगळला की इनटेक तापतं आणि माणूस टायमिंगला दोष देत बसतो. तो पंप हात लावून बघा, चालू असताना थरथर जाणवते.

आणि कृपा करून पुणे हायवेवर पूर्ण थ्रॉटलचे लॉग घेऊ नका. गळीत हंगामात उलट्या बाजूनं येणारी उसाची जोड ट्रॉली, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर. टेंभुर्णीकडच्या लोकांना सांगायला नको. पैसे मोजून डायनोवर जा.

मळी_रसायन
कॅनबद्दल मी बोलतो. जिल्ह्यातल्याच एका डिस्टिलरीच्या लॅबमध्ये आहे, नाव नको.

पहिलं म्हणजे ते बाहेर काढणं गुन्हा आहे. स्पिरिटचा प्रत्येक लिटर राज्य उत्पादन शुल्क खात्याच्या हिशेबात असतो. मित्राची नोकरी जाईल, तुमच्यावर केस होईल.

दुसरं, कॅनमध्ये काय आलं हे तुम्हाला कळणार नाही. साध्या ऊर्ध्वपातनानं अल्कोहोल ९५-९६ टक्क्यांच्या पुढं जातच नाही, बाकी पाणी राहतं. ते रेक्टिफाइड स्पिरिट. पेट्रोलमध्ये मिसळायचं इथॅनॉल मॉलिक्युलर सीव्हमधून (पाणी शोषणाऱ्या चाळणीतून) काढून ९९.५ टक्क्यांच्या वर न्यावं लागतं. दोन्ही पाण्यासारखीच दिसतात आणि वासही तोच. पाण्याचं प्रमाण वाढलं की टाकीत थर पडतात: खाली पाणी आणि इथॅनॉल, वर इथॅनॉल गमावलेलं पेट्रोल. टाकीतला पंप खालून ओढतो, म्हणजे आधी पाणी इंजेक्टरला, आणि ते संपल्यावर कमी ऑक्टेनचं पेट्रोल तुमच्या वाढवलेल्या टायमिंगला.

पंपाचं इथॅनॉल किती ते बघायचं असेल तर घरी होतं. १०० मिलीचा काचेचा मोजपात्र सिलिंडर घ्या, ९० मिली पेट्रोल, १० मिली पाणी. बूच लावून हलवा, बूच सावकाश सोडा, मग १५ मिनिटं ठेवा. इथॅनॉल पाण्यात उतरतं आणि खालचा थर फुगतो. थर २८ मिलीवर आला तर १८ मिली इथॅनॉल, म्हणजे ९० मध्ये २० टक्के. लॅबची अचूकता नाही, पण अंदाज पक्का मिळतो. गच्चीवर करा, स्वयंपाकघरात नको. प्लास्टिकचं पात्रही नको.

पोलो_होटगीरोड
काका, मळी_रसायन साहेब, दोघांचे आभार. मित्राला नाही म्हणून सांगितलं.

मोजपात्राची चाचणी गच्चीवर केली. विजापूर रोडच्या पंपाचं पेट्रोल २८ च्या किंचित खाली आलं. मॅप करणाऱ्यानं आढेवेढे घेत सांगितलं की फाइल ९५ रॉनचीच आहे. प्लग-कॉइल दोनचं तीनला टाकलं, तर जास्तीचा रिटार्ड तीनवर गेला. प्लग काढून बघितला, गॅप ०.९ एमएमच्या वर.

आता दोन शंका. ई१०० मिळतंय म्हणे काही पंपांवर, ते ई२० मध्ये मिसळून ई४० केलं तर? आणि फ्लेक्स सेन्सर बसवला तर टायमिंग आपोआप बदलेल का?

जुना_डेल्को
रिटार्ड प्लगबरोबर सरकला, म्हणजे निम्मं काम झालं. तिन्ही प्लग बदला, एकटा नको. गॅप ०.७ ठेवा. बूस्टमध्ये दाब वाढला की ठिणगीला उडी मारायला जास्त व्होल्टेज लागतं. मोठ्या गॅपवर ठिणगी कधी पडते, कधी नाही, आणि कॉइलला विनाकारण शिक्षा. एक पायरी थंड प्लग घेतला तरी चालेल. फक्त आकडा बघताना ब्रँड बघा: एनजीकेचा आकडा मोठा झाला की प्लग थंड, बॉशचा लहान झाला की थंड. दुकानदारसुद्धा इथं गोंधळतो.

थंड प्लग का, तर इथॅनॉल नॉकला चिवट असलं तरी तापलेल्या टोकावरून आपणहून पेटायला कचरत नाही. त्याला प्री-इग्निशन म्हणतात. ते ठिणगीच्या आधीच होतं, म्हणून टायमिंग मागं घेऊन थांबत नाही. बूस्ट_भाऊंचा ईसीयू तिथं काही करू शकत नाही. थेट इंजेक्शनच्या टर्बोला कमी आरपीएमवर, उंच गिअरमध्ये पाय दाबून ठेवला की हा धोका वाढतो. चौथ्यात १५०० वरून ओढायची सवय असेल तर सोडा, गिअर खाली घ्या. ऑइल एपीआय एसपी दर्जाचं वापरा, त्या दर्जाच्या चाचणीत कमी वेगाच्या प्री-इग्निशनचा विचार केलेला आहे.

ई४० चा हिशेब सोपा आहे. मार्च २०२४ पासून काही पंपांवर जे ई१०० मिळतं त्यात इथॅनॉल ९३ टक्क्यांच्या आसपास असतं, बाकी पेट्रोल आणि मिसळक. ते ११ लिटर आणि ई२० चे २९ लिटर घेतले की ४० लिटर ई४० झालं. पण ते इंधन फ्लेक्स-फ्युएल (कितीही इथॅनॉल चालणाऱ्या) गाड्यांसाठी आहे, आणि तुमची गाडी २०२१ ची. ई२० ला टिकेल असं रबर-प्लास्टिक सगळ्या नव्या गाड्यांत घालण्याचं वेळापत्रकच एप्रिल २०२३ चं होतं. शिवाय ई४० ला ई२० पेक्षा साधारण ८ टक्के जास्त इंधन लागतं. स्टेज वनवर हाय प्रेशर पंप आधीच ताणलेला असतो. लॉगमध्ये रेल प्रेशर (इंजेक्टरला मिळणारा इंधनाचा दाब) मागितलेलं आणि मिळालेलं, दोन्ही रेषा बघा. वरच्या आरपीएमला मिळालेली रेष खाली वाकत असेल तर विषय तिथंच बंद.

त्याहून मोठी अडचण टाकीची आहे. समजा ई४० चं टायमिंग लावलंत. इंदापूरला अर्ध्या टाकीवर घाईत ई२० भरलं. टाकीत आता ई३० आहे आणि मॅप ई४० चाच. पिस्टनच्या कडा अशाच वेळी तुटतात, आणि त्या दिवशी गाडी पळते मात्र झकास.

सेन्सरचं काम एवढंच की टाकीत आत्ता काय आहे ते सांगणं. ५० हर्ट्झ म्हणजे शून्य टक्के इथॅनॉल, १५० हर्ट्झ म्हणजे शंभर. ७० आलं की ई२०. पल्सच्या रुंदीवरून इंधनाचं तापमानही कळतं. पण ते ऐकून दोन मॅपच्या मधलं टायमिंग काढणारा ईसीयू लागतो. कंपनीच्या ईसीयूत ती सोय मुळात नसेल तर सेन्सर बसवून फक्त डॅशबोर्डवर एक आकडा वाढतो. वेगळा कंट्रोलर टाकून होतं, खर्च गाडीच्या वयाकडं बघून करा. मी तरी या गाडीला करणार नाही.

मॅप करणाऱ्याकडून मागायचं ते असं. आधी इंधनाची दुरुस्ती. ई१० वरून ई२० वर आल्यावर आकारमानानं ४ टक्के जास्त फवारावं लागतं. क्रूझमध्ये (एका वेगानं जाताना) ट्रिम, म्हणजे ईसीयूची इंधन-दुरुस्ती, ते भरून काढतो, पण पूर्ण थ्रॉटलला आकडा लॅम्डात (पूर्ण जळायला लागते त्याच्या किती पट हवा आहे) बघा. एअर-फ्युएलचा मीटर पेट्रोलच्या स्केलवर ११.८ दाखवतो तेव्हा लॅम्डा ०.८० असतो, इंधन काहीही असो. ई२० चं स्टॉइक (पूर्ण जळायचं हवा-इंधन प्रमाण) १३.५, म्हणून कुणी ११.८ ला १३.५ नं भागून लीन (इंधन कमी) आहे म्हणायला लागला तर त्याच्याकडं गाडी देऊ नका.

लॅम्डा आणि बूस्ट जागेवर आले की मग टायमिंग. आधी २२०० ते ४००० च्या बूस्ट भागातून दीड अंश काढून घ्यायचा, गाडी तापवून तिन्ही सिलिंडरचा रिटार्ड शून्यावर आणायचा. मग एकेक अंश, ज्या खान्यात रिटार्ड नाही तिथंच. अंश वाढवून डायनोवर टॉर्क वाढला नाही तर तो अंश परत घ्यायचा, नॉक नसला तरी. माझा अंदाज, ४५०० च्या पुढं तुम्हाला एखाद-दोन अंश मिळतील, खालच्या भागात काहीच नाही.

बूस्ट_भाऊ
माझ्या नेक्सॉनला पोर्ट इंजेक्शन आहे. तिला पण हेच का?

जुना_डेल्को
पद्धत तीच. फक्त इंधन व्हॉल्व्हच्या मागं फवारतं, तिथल्या गरम धातूवर बरंचसं बाष्प होतं, म्हणून सिलिंडरातला थंडावा कमी मिळतो. ६ अंश दिले असतील तर लॉग टाका, तिन्ही सिलिंडरचा रिटार्ड, इनटेक तापमान आणि बूस्ट एकत्र. दुपारचा घ्या, सकाळचा नको.

पोलो_होटगीरोड
प्लग मागवले. डायनोची वेळ पुढच्या आठवड्याची मिळाली. ३ वाजताची मागून घेतली, उन्हातली.

जुना_डेल्को
बरं केलंत. जाताना टाकी पाऊणच्या वर नेहमीच्याच पंपावर भरा, वाटेत भरू नका. आणि पंखा इंटरकूलरच्या रेडिएटरसमोर लावलाय का ते पहिल्या रनच्या आधी बघा. बऱ्याच ठिकाणी तो नुसता बॉनेटवर वारा घालत असतो.